तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिकेट सोडून बेसबॉल कसं काय?

पुण्याहून कुणी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशीच्या चहाला हा प्रश्न ठरलेला. "काका, क्रिकेटवर जीव टाकणारे तुम्ही, या बेसबॉलच्या नादी कसे लागलात?" आजवर काहीतरी थट्टेवारी बोलून मी वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर आधी एका माणसाचा आवाज घरात आला, खेळ त्याच्या मागून.

१९८७ साली मी लॉस एंजेलिसला आलो. गाडी जुनी, रेडिओवर फक्त एएम लागायचं. एका संध्याकाळी फ्रीवेवरच्या रांगेत अडकून काटा फिरवत होतो, तर डॉजर्स या इथल्या बेसबॉल टीमची मॅच लागली. त्यांचा समालोचक विन स्कली बोलत होता. (इथले सगळे त्याला विनच म्हणायचे, म्हणून एकेरी.) नियम मला ओ की ठो कळत नव्हते. तो पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, गाव कुठलं, वडील काय करायचे ते सांगत होता. मध्येच 'बॉल टू' म्हणायचा आणि गोष्ट जिथे सोडली तिथून पुन्हा उचलायचा. हो ला हो म्हणायला शेजारी दुसरा समालोचक नाही, त्यामुळे बोलणं थेट माझ्याशीच. सांगलीला आजी भाजी निवडताना बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी धावतं वर्णन ऐकायची. स्क्वेअर लेग कुठे उभा असतो हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण सामना कुणाच्या बाजूने झुकलाय ते बरोबर सांगायची. माझंही तसंच झालं.

पुढे आर्टेशियाच्या भारतीय दुकानांतून वाणसामान घेऊन आलो की घराच्या दारात गाडी उभी, इंजिन बंद, रेडिओ चालू. "इनिंग संपू दे" म्हणत मी आत बसलेला. एकदा गोठवलेल्या भेंडीची पाकिटं पार पाणी होऊन सीटवर सांडली. बायकोने काचेवर टकटक केली, मी बोटानेच 'एक आउट राहिलाय' अशी खूण केली. ती भेंडी दोन दिवस खावी लागली.

विन १९५० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये या टीमबरोबर आला आणि २०१६ला थांबला. सदुसष्ट मोसम! १९५८ला टीम लॉस एंजेलिसला आली तेव्हा मॅच कोलिझियम या स्टेडियममध्ये व्हायच्या. मैदान इतकं अवाढव्य की लांबच्या प्रेक्षकांना चेंडू धड दिसायचा नाही. लोक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले आणि समोर चाललेला खेळ विनच्या तोंडून ऐकू लागले. १९६०मध्ये त्याने रेडिओवरून 'आज अंपायरचा वाढदिवस आहे' म्हणून एक-दोन-तीन मोजलं, आणि अख्खं स्टेडियम "हॅपी बर्थडे, फ्रँक" ओरडलं. त्या बिचाऱ्या फ्रँक सेकोरीला काय वाटलं असेल!

१५ ऑक्टोबर १९८८ची मॅच मात्र मी टीव्हीवर पाहिली. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम मालिकेची, पहिली मॅच, डॉजर्स एका रनने मागे, शेवटची इनिंग, तीनपैकी दोन आउट. दोन्ही पायांनी जायबंदी कर्क गिब्सन लंगडत बॅटिंगला आला आणि त्याने होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला. चेंडू गेला एवढं सांगून विन गप्प झाला. मिनिटभराहून जास्त. नुसता लोकांचा कल्लोळ आणि बेसना लंगडत फेरी मारणारा गिब्सन. आमच्या घरातही कुणी बोललं नाही. हल्ली चौकार गेला की तीन-तीन समालोचक एकदम किंचाळतात, तेव्हा मला तो मिनिट आठवतो आणि मी रिमोट शोधतो.

शेजारी एक मेक्सिकन आजोबा राहायचे. त्यांचा रेडिओ स्पॅनिश, त्यावर हाइमे हारीन. हा गृहस्थ १९५५ला, एकोणिसाव्या वर्षी, इक्वाडोरहून आला तेव्हा त्याने बेसबॉल पाहिलंसुद्धा नव्हतं. १९५९पासून डॉजर्सचं समालोचन करू लागला. १९८१मध्ये डॉजर्सचा मेक्सिकन पिचर फर्नांडो व्हॅलेन्झुएला याने शहराला वेड लावलं, तेव्हा त्याचा दुभाष्याही हाच. रविवारी दुपारी कुंपणाच्या अलीकडे माझा विन, पलीकडे त्यांचा हाइमे. चेंडू उडाला की दोन्ही भाषा एकदमच वर चढायच्या, आणि आजोबा कुंपणावरून अंगठा दाखवायचे.

विनची शेवटची तीन वर्षं केबलवाल्यांच्या भांडणात शहरातल्या अर्ध्याहून जास्त घरांत डॉजर्स दिसलेच नाहीत, आमच्याकडेही नाहीत. विनचं टीव्हीवरचं बोलणं रेडिओवर यायचं ते नऊपैकी पहिल्या तीन इनिंगपुरतं. तिसरी संपली की मी काटा स्पॅनिशवर न्यायचो. शब्द कळत नसत, पण "से वा, से वा, से वा" सुरू झालं की खुर्चीतून उठायचो. जातोय, जातोय, जातोय. आणि त्यापुढे, मुका घेऊन निरोप द्या चेंडूला. हा अर्थ आजोबांनीच सांगितलेला, कुंपणापलीकडून, हाताने हवेत मुका फेकून.