१२७ फूट ३ इंच

बेसबॉलमध्ये होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, सेकंड बेसपर्यंतचं हे अंतर. बेस चोरायला, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या बेसकडे धावणाऱ्याला अडवायचं तर बॅटरच्या मागं बसलेल्या कॅचरनं उकिडव्या बैठकीतून उठून एवढ्या लांब फेकायचं. चेंडू ग्लोव्हमध्ये आल्यापासून दोन सेकंदांत तो सेकंड बेसवर पोचला पाहिजे. मला पहिलं वर्षभर ते जमलं नाही.

गेल्या महिन्यात आमचे बेसबॉलचे सर कॉलेजातून निवृत्त झाले. निरोप समारंभात विद्यापीठ संघात गेलेली मुलं मोजली गेली, ढाली मोजल्या गेल्या. ते सगळं खरंच आहे. पण मला सांगायचंय ते राहिलं.

मी गगनबावड्याकडचा. गोफण फिरवून हात तयार झालेला, जोर भरपूर, आणि चेंडू थेट बेसच्या पलीकडे, आउटफिल्डात. सर म्हणायचे, "लगा, हाताचं नंतर बघू. आधी पाय फिरव." पंधरा दिवस त्यांनी मला चेंडूच दिला नाही. बसायचं, उठायचं, उजवं पाऊल आडवं टाकायचं, डावा खांदा सेकंड बेसकडे करायचा. बस्स. सोळाव्या दिवशी चेंडू दिला तेव्हा पहिलीच फेक सरळ गेली. सर काही बोलले नाहीत. पुढचा चेंडू टाकायला सांगितला.

कोल्हापुरात मैदान म्हटलं की आधी कुस्ती आणि मग फुटबॉल. पाटाकडील-दिलबहारचा सामना असला की सगळ्या पेठा शाहू स्टेडियमवर. आम्हाला मैदान मिळायचं सकाळी सहा ते साडेसात. सर साडेपाचलाच हजर असायचे, हातात सुतळीचं बंडल. तिला दोन गाठी, एक ९० फुटांवर, म्हणजे दोन बेसमधलं अंतर, आणि दुसरी १२७ फूट ३ इंचांवर. दोन्ही गाठी जुळल्या की डायमंडचा, म्हणजे बेसच्या चौकोनाचा, कोन बरोबर, मग फक्की मारायची. बेस ठोकायच्या खुंट्या एका मुलाच्या वडिलांनी शिरोलीच्या फाउंड्रीतून करून आणलेल्या. सर स्वतः सॉफ्टबॉल खेळलेले, तिथं दोन बेसमध्ये ६० फूटच. बेसबॉल ते शिकवता शिकवता शिकले, आणि हे आम्हाला मोकळेपणानं सांगायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. सरांचा फोन आला, "जुनी कापडं घालून ये." चिखली-आंबेवाडीकडची जनावरं उंचावर आणून बांधलेली, वैरणीची ट्रॉली चिखलामुळं लांबच थांबलेली. सरांनी आम्हा नव्या-जुन्या मुलांची रांग लावली आणि पेंढ्या हातोहात पुढं जाऊ लागल्या. पाऊस थांबत नव्हता. सर रांगेच्या शेवटी, जनावरांपाशी.

पाणी उतरल्यावर शुक्रवार पेठेत गाळ काढायला गेलो. एका आजींच्या घरात गुडघाभर गाळ. आम्ही खोरी घेऊन आत शिरत होतो, तर सरांनी हातानं थांबवलं. आधी देव्हारा बाहेर काढला, त्यातले टाक एकेक करून बादलीत धुतले, पुसले आणि आजींच्या ओंजळीत ठेवले. मग म्हणाले, "आता लावा खोरी." गणपती येईपर्यंत आम्ही रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी होतो. त्या तीन आठवड्यांत मी सरांकडून जेवढं शिकलो तेवढं मैदानावरच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी ते महापालिका शाळेतल्या पोरांना शिकवतात, फी न घेता. टेनिस बॉल आणि सुताराकडनं घासून घेतलेली दोन लाकडं. मुलींना पाठवायला घरचे तयार नसले की सर संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसतात, चहा घेतात, आई हो म्हणेपर्यंत उठत नाहीत. आता त्यातल्या सात मुली येतात. २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये बेसबॉल पुन्हा येतोय, हे त्यांनी पोरांना इतक्यांदा सांगितलंय की त्यांना ते साल पाठ झालंय.

निवृत्तीनंतरही रविवार चालूच आहे. काल सरांचा फोन होता, फक्की संपलीय. पोतं मी घेऊन जाणार आहे. सुतळीचं एक टोक धरायलाही माणूस लागतोच.