पोर्ट लुई : राजताडांच्या रांगा आणि घाटाच्या पायऱ्या

मॉरिशसच्या राजधानीचा जुना भाग जहाजातून उतरणाऱ्या माणसाची नजर गृहीत धरून आखलेला आहे. बंदरालगतच्या प्लास दार्म या चौकातून राजताडांच्या दोन रांगा सरळ गव्हर्नमेंट हाउसकडे जातात. समुद्राच्या टोकाला ला बुर्दोनेचा पुतळा उभा आहे, तर वरच्या टोकाला व्हिक्टोरिया राणीचा. १७३५ मध्ये फ्रेंच गव्हर्नर म्हणून आलेल्या ला बुर्दोनेने या जागेचे खऱ्या अर्थाने बंदर केले. (१७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा तो हाच.) १८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या हाती गेले, परंतु शरणागतीच्या अटींमध्ये त्यांनी रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती कायम राखण्याचे मान्य केल्यामुळे सत्ता इंग्रजांची आणि समाजजीवन फ्रेंच वळणाचे, अशी विलक्षण व्यवस्था येथे रुजली.

हा मधला पट्टा देखणा आहे, यात शंका नाही. तथापि तो राज्यकर्त्यांनी स्वतःला पाहण्यासाठी उभारलेला आरसा आहे, आणि शहर समजून घ्यायचे असेल तर तो सोडून कडेला वळावे लागते.

बंदराच्या काठाने थोडेसे चालून गेल्यावर आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आणलेले मजूर उतरवण्याची जागा, लागते. गुलामगिरी संपुष्टात येत असताना उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि ब्रिटिशांनी करारबद्ध मजुरीचा प्रयोग प्रथम मोठ्या प्रमाणावर येथेच करून पाहिला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजाने कलकत्त्याहून पहिल्या तुकडीत ३६ मजूर आणले; १९२० पर्यंत ही संख्या पाच लाखांच्या जवळपास पोहोचली. बहुसंख्य लोक कलकत्त्यामार्गे आले, काही मद्रासहून, आणि मुंबई बंदरातून निघालेल्यांमध्ये कोकणातली माणसेही होती. मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, ती या बोटींमुळे.

घाट पाहून काहींची निराशा होते, कारण २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेली ही जागा अगदी लहान आहे आणि जुन्या आवाराचा मोठा भाग पुढे नव्या रस्त्याखाली गेला आहे. उरले आहेत ते दवाखान्याचे आणि स्वयंपाकघराचे अवशेष, दारावरच्या पहारेकऱ्याची खोली, शौचकूप आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. माझ्या मते हे साधेपणच बोलके आहे. नोंदणी होऊन मळ्यावर रवानगी होईपर्यंत माणसांना येथे थांबवले जाई, आणि माणूस म्हणजे कामाला लावायचे एक शरीर एवढाच हिशेब या आवाराच्या रचनेत दिसतो. पुढे मजुरांची छायाचित्रेही काढण्यात येऊ लागली. ती मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात जपली असल्यामुळे आजही अनेक कुटुंबे तेथे आपला पणजोबा शोधतात.

कॉदाँच्या नव्या धक्क्यावरील ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटे आहेत, एक नारिंगी आणि एक निळे. मॉरिशसच्या बँका व कंपन्यांच्या गटाने ती १९९३ मध्ये विकत घेऊन मायदेशी आणली. रंग उडू नयेत म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी थोडाच काळ दिवा लावला जातो. मला त्यापेक्षा निसर्ग-इतिहास संग्रहालयातला, नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याचा सांगाडा अधिक मोलाचा वाटला, कारण तो एकाच पक्ष्याच्या हाडांचा आहे, आणि ती हाडे विसाव्या शतकाच्या आरंभी एतिएन थिरिऊ नावाच्या हौशी न्हाव्याने शोधून काढली होती.

बाजार, चिनी वस्ती आणि रॉयल रस्त्यावरची जुम्मा मशीद ही एकमेकांना लागूनच आहेत. येथे फ्रेंचवरून घडलेली क्रिओल भाषा कानावर पडते, हातात दालपुरी येते आणि घामाने अंग चिंब होते. तिन्ही बाजूंनी डोंगर असल्यामुळे वारा फारसा आत येत नाही.

चढण सोसत असेल तर फोर्ट अॅडलेडवर जावे. गुलामगिरीच्या उच्चाटनामुळे चिडलेले फ्रेंच मळेवाले उठाव करतील, या धास्तीतून ब्रिटिशांनी तो १८३४ ते १८४० या काळात बांधला. खाली शां द मार्सचे मैदान दिसते. तेथे १८१२ पासून घोड्यांच्या शर्यती होतात, आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र देशाचा ध्वजही तेथेच फडकला.

संध्याकाळी मात्र ही गल्लीबोळे झपाट्याने रिकामी होतात. १८६७ च्या मलेरियाच्या साथीनंतर ऐपतदार मंडळी क्यूरपिपच्या थंड पठाराकडे राहायला गेली, आणि कामापुरते खाली उतरून राहायला वर जाण्याची रीत तेव्हापासून पडली. त्यामुळे जुनी लाकडी घरे पाहायची असतील तर सकाळी निघावे, आणि सुरुवात चौकातून न करता घाटापासून करावी.