मेसेज बॉक्सचा फॉन्ट: अक्षर मोठं झालं, चौकट तेवढीच राहिली

ऑटोहॉटकी ही विंडोजवरची कामं आपोआप करून घेण्याची स्क्रिप्ट भाषा. तिच्यातल्या माझ्या स्क्रिप्टमधले सगळे संदेश आता मराठीत आहेत. पण मेसेज बॉक्समधली देवनागरी इतकी बारीक दिसते की जोडाक्षरं वाचताना डोळे ताणावे लागतात. म्हणून हे काम हातात घेतलं.

मेसेज बॉक्स दाखवणाऱ्या एमएसजीबॉक्स या ऑटोहॉटकीच्या आज्ञेला फॉन्टचा पर्यायच नाही. तो आतून विंडोजचं मेसेजबॉक्स फंक्शन बोलावतो आणि त्याला मजकूर, शीर्षक, बटणं, चिन्ह एवढंच सांगता येतं. फॉन्ट सिस्टिमच्या सेटिंगमधून येतो. इंग्रजी विंडोजवर व्हिस्टापासून तो सेगो यूआय, ९ पॉइंट आहे. सेगोत देवनागरी नाहीच, म्हणून ती अक्षरं विंडोज दुसऱ्या फॉन्टमधून उसनी घेते.

मग बॉक्स उघडल्यावर त्याला गाठायचं ठरवलं. खिडकीचा क्लास, म्हणजे विंडोजने दिलेलं तिच्या प्रकाराचं नाव, #३२७७०. मजकुराचा कंट्रोल, म्हणजे खिडकीतला तो घटक, स्टॅटिक प्रकारचा. इथे माझा तासभर गेला, कारण चिन्हसुद्धा स्टॅटिकच असतं. पहिला स्टॅटिक पकडला की हाती चिन्ह येतं आणि मजकूर जसाच्या तसा राहतो. क्रमांकावर विसंबू नका, कंट्रोलचा आयडी पाहा: मजकुराचा आयडी नेहमी ६५५३५.

फॉन्ट बनवणाऱ्या विंडोजच्या क्रिएटफॉन्ट फंक्शनला उंची पिक्सेलमध्ये आणि उणे चिन्हासह द्यायची. १४ पॉइंटला ९६ डीपीआयवर (इंचाला ९६ ठिपके) १४ × ९६ ÷ ७२, म्हणजे उणे १९. फॉन्ट निर्मला यूआय घेतला. विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. मग कंट्रोलला ४८ क्रमांकाचा संदेश, म्हणजे डब्ल्यूएम_सेटफॉन्ट, पाठवला. फॉन्ट एकदाच बनवून जपून ठेवा. लूपमध्ये दर वेळी नवा बनवत गेलात, तर एका प्रोसेसला मिळणारी १०,००० जीडीआय हँडल्सची (फॉन्ट, ब्रश अशा चित्रणाच्या वस्तूंच्या क्रमांकांची) मर्यादा कधीतरी गाठली जाईल.

एमएसजीबॉक्स उघडा असेपर्यंत पुढची ओळ चालत नाही, म्हणून त्याच्या आधीच उणे ५० चा, म्हणजे ५० मिलिसेकंदांनी एकदाच चालणारा, टायमर लावला होता. त्यात क्षणभर जुनं अक्षर दिसायचं आणि मग उडी मारून मोठं व्हायचं. ते मला खपेना. आता सीबीटी हुक, म्हणजे खिडक्यांच्या घडामोडी आधीच कळवणारी विंडोजची सोय, वापरतो: खिडकी दिसण्याआधी, सक्रिय होताना तो हाक मारतो, तिथेच फॉन्ट बदलायचा आणि लगेच हुक काढून टाकायचा. लुकलुक पूर्ण थांबली.

आणि मग खरी अडचण समोर आली. ‘फाइल सापडली नाही. पुन्हा शोधायची का?’ हा संदेश दाखवला, तर बॉक्समध्ये फक्त ‘फाइल सापडली नाही.’ दिसलं. खाली हो आणि नाही अशी दोन बटणं, प्रश्न मात्र गायब! बॉक्सचं माप जुन्या फॉन्टवर आधीच ठरलेलं असतं. मोठ्या अक्षरामुळे ओळ मोडली आणि दुसऱ्या ओळीला कंट्रोलमध्ये जागाच उरली नाही. फॉन्ट बदलण्यापेक्षा हे मोजमाप कितीतरी मोठं काम आहे. मजकूर रेखाटणाऱ्या ड्रॉटेक्स्ट फंक्शनला फक्त मोजायला सांगून नवी उंची काढली, स्टॅटिक वाढवला, खिडकी वाढवली, बटणं खाली सरकवली. जमलं, पण प्रत्येक बटणाची जागा हाताने सांभाळायची म्हणजे कोड नुसता फुगत जातो.

म्हणून आता ऑटोहॉटकीच्या गुईने, म्हणजे स्वतःची खिडकी बनवायच्या सोयीने, स्वतःचं फंक्शन लिहितोय. सेटफॉन्ट आधी, मग ठरावीक रुंदीचा अ‍ॅडटेक्स्ट. उंची तो आपणहून काढतो. वेलांट्या, रफार, उकार सगळे पूर्ण दिसतात आणि ते बघून फार बरं वाटलं. मूळ बॉक्सच्या काही सोयी मात्र गेल्या. त्यात कंट्रोल-सी दाबलं की सगळा मजकूर क्लिपबोर्डवर जायचा. एखाद्या त्रुटीचा संदेश कुणाला पाठवताना मी ते सतत वापरतो. ते परत बसवलंय, एस्केपने बंद होणंही, आणि विंडोजच्या मेसेजबीप फंक्शनने आवाजही. उत्तर मिळेपर्यंत स्क्रिप्ट थांबावी म्हणून खिडकी बंद होण्याची वाट पाहणारी विनवेटक्लोज आज्ञा आहे. राहिलंय ते चिन्ह, आणि दोन वेगवेगळ्या डीपीआयच्या मॉनिटरांवरची चाचणी.