कास आणि चाळकेवाडी : दोन पठारं, दोन दिवस

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कास आणि चाळकेवाडी लागोपाठ केलं. तुम्हीही दोन्ही जोडूनच करा. नुसत्या कासला फुलं दिसतात. दोन्ही पाहिली की माणसाचा हात कुठे कसा पडतो तेही दिसतं.

कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, उंची साधारण १२०० मीटर. जांभ्याच्या कातळावर जेमतेम इंच-दोन इंच माती, तीही निकस. हा निकसपणाच इथलं धन आहे. दणकट गवताला अशी माती पोसत नाही, म्हणून बारक्यांना जागा मिळते. फुलझाडांच्या ८५० च्या आसपास जाती इथे नोंदल्या गेल्यात. सीतेच्या आसवांचा एक निळा ताटवा मी गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिला. मातीतून नत्र पुरेसं मिळत नाही, म्हणून ही वनस्पती जमिनीखालच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते. अशा ठिकाणी एक पाऊल पडलं तरी दहावीस झाडं जातात.

२०१२ साली जागतिक वारसा जाहीर झाल्यावर गर्दी वाढली. पठाराला कुंपण घातलं गेलं आणि गुरं आत येईनाशी झाली. वाटेत भेटलेले एक गुराखी आजोबा म्हणाले, "गुरं थांबली आन् गवात माजलं, बारकी फुलं दबली." अभ्यासकांपैकीही काहींनी हेच मांडलं होतं, आणि पुढे कुंपण काढण्यात आलं. मला आजोबांचं पटतं. बेताची चराई गवताला आवरते. जास्त झाली की मात्र तीच जमीन उघडी पाडते.

चाळकेवाडी ठोसेघरच्या पुढे, पवनचक्क्यांचं पठार. तिथे जीव हळहळला. मुख्य रस्ता सोडून गाड्या सरळ सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर घातलेल्या. चाकोरीत पाणी साचलेलं, पण नुसतं गढूळ, त्यात हिरवं काही नाही. तिथून चार पावलांवर कातळातल्या डबक्यात वायतुऱ्याचे दोन फाट्यांचे गुलाबी तुरे उभे होते. हा वायतुरा सह्याद्रीतल्या अशा मोजक्याच सड्यांवर उगवतो. रस्त्यासाठी बाहेरून आणलेल्या मातीच्या भरावावर गाजरगवत माजलेलं. सकस माती आली की तण आलंच.

जाणाऱ्यांसाठी: कासचं बुकिंग आधी ऑनलाइन करा आणि शनिवार-रविवार टाळा. सकाळी लवकर पोचा, दुपारी धुकं उतरलं की काही दिसत नाही. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, रेनकोटच घ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. आधीच्या ट्रेकचे बूट घासून धुवा, तळव्याच्या चिखलातून तणाचं बी येतं. फोटोसाठी ताटव्यात शिरू नका. मळलेल्या वाटेवर किंवा उघड्या कातळावरच पाय ठेवा. चाळकेवाडीला गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच लावा, पुढे आधीच्या चाकोऱ्या दिसल्या तरी.