व्हिटबीच्या अमोनाइटवर मेणाचा हात

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीजवळच्या सॉल्टविक बेमध्ये ओहोटीला गोलसर, जड दगड उघडे पडतात. त्यातल्या काहींच्या पोटात अमोनाइट असतो, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या एका नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. मी कड्याला हात लावत नाही, खाली सुटे पडलेले दगड तेवढे उचलते. या खेपेला डॅक्टिलिओसेरस नावाचा अमोनाइट मिळाला, शंखावर दाट बरगड्या असलेला. (संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी इथली कथा, म्हणून पूर्वी त्यावर सापाचं डोकं कोरून विकत. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्रामही अमोनाइटचाच.)

ओला असताना तो काळाभोर होता. वाळल्यावर राखाडी पडला, शिवाय एअर पेनने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या छिन्नीने, भोवतीचा दगड काढताना पांढरे ओरखडे उठले. मेणाचं काम इथे सुरू होतं, पण ते सगळ्यात शेवटी. आधी गोड्या पाण्यात, पाणी बदलत, मीठ काढायचं. ते आत राहिलं तर वाळताना त्याचे स्फटिक होऊन पृष्ठभागाचे पोपडे निघतात. मग दगड पूर्ण वाळू द्यायचा. निखळलेले तुकडेही आधीच जोडायचे, कारण मेणावर काही चिकटत नाही. मी पॅरालॉइड बी-७२ हा गोंद वापरला. तो अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, त्यामुळे जोड पुन्हा सोडवता येतो.

मेण घेतलं ते रेनेसान्स वॅक्स, १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं. अमोनाइट हेअर ड्रायरने कोमट केला, ड्रायर बाजूला ठेवला आणि मगच डबी उघडली, कारण मेणातला व्हाइट स्पिरिट हा द्रावक पेट घेऊ शकतो. खिडकीही उघडी हवी. मऊ ब्रशच्या टोकावर नखाएवढं मेण पुरलं. बरगड्यांच्या खाचांत साचलं तर तिथे पांढरट दिसतं, म्हणून लगेच कोरड्या ब्रशने झटकलं आणि सुती फडक्याने घासलं. ओरखडे विरले, काळा रंग वर आला. भोवतीचा दगड कोरडाच ठेवला. त्यामुळे अमोनाइट जास्त उठून दिसतो.

काही संग्राहक काळं रंगीत मेण लावतात. मला ते पटत नाही, त्याखाली डागडुजी झाकली जाते. आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चारमथच्या सोनेरी, पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाच्या अमोनाइटना कुठलंही मेण कुजण्यापासून वाचवत नाही. तिथे हवाच कोरडी ठेवावी लागते. दुर्मीळ नमुन्याला तर मी मेण लावणारच नाही, अभ्यासकाला मूळ पृष्ठभाग हवा असतो.

याच्या चिठ्ठीवर मात्र ठिकाणासोबत मेणाचं आणि गोंदाचं नाव लिहिलं आहे. पुढे कुणाला मेण काढायचं झालं तर व्हाइट स्पिरिटने निघेल.