चौथ्या दिवशीची प्लेट

आमच्या लॅबमध्ये निरोगी माणसांच्या स्टूल सॅम्पलमधून ई. कोलाय हा जिवाणू मारणारे फेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू, शोधतात. गाळलेला नमुना ई. कोलायबरोबर सॉफ्ट अगार या मऊ जेलीत ओतायचा, ३७ अंशांवर ठेवायचा, २४ तासांनी लॉनमध्ये, म्हणजे जिवाणूंच्या सलग थरात, प्लाक (जिवाणू मेल्याने दिसणारी स्वच्छ भोकं) पडलेत का पाहायचं. नसतील तर प्लेट ऑटोक्लेव्हला, वाफेने निर्जंतुक करायला.

त्या आठवड्यात जिवाणू अडवणारे ०.२२ मायक्रॉनचे फिल्टर संपलेले. खरेदीची फाईल महिनोन्‌महिने सहीला पडून असते, म्हणून मी मोठ्या छिद्रांचे, ०.४५चे वापरले. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाहिलं तर प्लेट कोऱ्या. रस्ते बंद व्हायच्या आत घर गाठायचं होतं. इन्क्युबेटरमधून काढून ओट्यावरच ठेवल्या.

मिरवणूक आटोपून परत आले तो चौथा दिवस. एका प्लेटवर सात प्लाक. दुपारी पुन्हा मोजले तेव्हा कडा सरकलेल्या. फेजचा प्लाक सहसा असा वाढत राहत नाही, लॉनची वाढ थांबली की तोही थांबतो. थोडं उचलून फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली धरलं. ई. कोलायच्या कांड्या गोल झालेल्या, आणि त्यांच्यामधून नजर ठरू नये अशा वेगाने धावणारे बारीक स्वल्पविराम. डेलोव्हिब्रिओ! भक्ष्याच्या दोन आवरणांमधल्या फटीत शिरून त्याला आतून खाणारा जिवाणू. १९६२मध्ये हाइन्झ श्टोल्प यांनाही तो फेज शोधतानाच, असाच उशिरा उगवलेल्या प्लाकमध्ये सापडला होता.

सरांना बोलवायला धावले. ते म्हणाले, "कंटॅमिनेशन असेल." परत येईपर्यंत लॅबच्या मामांनी ओट्यावरच्या जुन्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये लावल्या होत्या. त्यांचा दोष नाही, नियमच तसा आहे. पण सरांनी आधी येऊन पाहायला हवं होतं.

हा जीव मातीत, सांडपाण्यात, नदीत सर्रास असतो आणि तो बाहेरून आला नाही हे दाखवणारी, नमुन्याशिवाय नुसत्या बफर द्रावणाची कंट्रोल प्लेट मी त्या दिवशी लावली नव्हती. ही चूक माझीच. ज्यांचा तो नमुना होता त्याच काकांचा दुसरा नमुना पाच दिवस ठेवला, काही आलं नाही. पण त्यानेही काय ठरतं? याला ऑक्सिजन लागतो, आणि आतड्यात तो असतो अस्तराजवळ. २०१३मध्ये रोमच्या संशोधकांनी आतड्याच्या बायोप्सींमध्ये याचा डीएनए शोधला. क्रोन्ससारखे आतड्याच्या दाहाचे आजार असलेल्यांपेक्षा निरोगी माणसांत तो जास्त आढळला. आम्ही मात्र अस्तर सोडून विष्ठेत शोधतो, तेही एकच दिवस.

रजिस्टरमध्ये त्या नमुन्यापुढे 'निगेटिव्ह' लिहिलंय. रकाना २४ तासांचा आहे, त्यामुळे नोंद बरोबरच आहे.