मेयरची बाजू

‘पण तो मेयर स्वतःही उपाशीच होता ना?’

सिनेमा संपल्यावर मामी एवढंच म्हणाली आणि सगळे गप्प.

काल दादरला मामांकडे ‘शोकोला’ पाहिला, २००० सालचा. १९५९ मधलं फ्रान्सचं खेडं, ईस्टरआधीचा उपासकाळ, आणि नेमकी तेव्हाच ज्युलिएट बिनोश चॉकलेटचं दुकान थाटते. मेयरचा जळफळाट. मध्येच जॉनी डेप बोट घेऊन येतो, तो भाग गोड आहे, सोडा.

मामेबहीण खूश: ‘धर्माच्या नावाखाली माणसाला जगूच देत नाहीत!’ मामांना आवडली जुडी डेंचची म्हातारी, मधुमेह असूनही मुलीला न जुमानता चॉकलेट चापणारी. मामांची शुगर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे हे मत बाद.

मामी मात्र अडून. दर श्रावणी सोमवारी उपाशीपोटी, लोकलमध्ये उभ्याने ऑफिस गाठणारी बाई ती. ‘गावावर सक्ती केली ते चूकच. पण शेवटी तो दुकानात घुसून चॉकलेटवर तुटून पडतो, तेव्हा हसताय काय? मला तर रडू आलं.’

ते डोक्यातून जाईना. दिग्दर्शक लासे हालस्ट्रॉमने पारडं आधीच झुकवून ठेवलंय. खाणारे सगळे लोभस, उपासवाले आंबट चेहऱ्याचे. सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतलाय, तिच्यात तर खलनायक चक्क पाद्रीच आहे, सिनेमात त्याचा मेयर झाला.

कुणावर न लादता, मजेत उपास धरणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्यावर इतका प्रेमळ सिनेमा कुणी का काढत नाही?